आठे तर दिखस!

“सकायपाइन धरी बठना फोनले! हाऊ डबा नही, घरजावाई शे घरजावाई!”

ही कुरकुर बेबाबाईंची. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि बोलत होत्या माझ्याविषयी. सकाळपासून फोन धरून बसलाय, हा डबा कसला, घरजावईच आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ऐकू येत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. तशी ती सगळ्यांचीच असते.

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. धुळ्याच्या देवपुरात सुकदेव नानांच्या घराला लागून एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या समोरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. बेबाबाई या नानांच्या थोरल्या बहीण. त्यांची कुरकुर अगदीच खोटी नव्हती. आमच्या वेळी इंटरनेट फोनच्या तारेतून यायचे. मी नाशिकचा नंबर फिरवून, चिरकून, घसा खाकरून एकदाचा जोडला गेलो, की घरचा फोन मुका व्हायचा. आणि त्या घरात सगळ्यांचे कान एकाच फोनकडे लागलेले असत. तो फोन अमेरिकेतून यायचा, नानांच्या मुलीचा, रेशमाचा.

पण तिच्याकडे वळण्याआधी माझे थोडे सांगू द्या. म्हाताऱ्यांना आपले लहानपण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी एका जागी जन्मलो नाही. माझा पडदा एका देशातला, पेटी दुसऱ्या देशातली, आतली हिरवी पाटी तिसऱ्याच देशातली. जळगावच्या एका दुकानात मला जुळवले. मला आईबाप नाहीत, स्क्रू आहेत. तिथून मी एका छापखान्यात गेलो आणि लग्नपत्रिका जुळवायला लागलो. छापखान्यात लताबाई नावाच्या बाई होत्या. त्यांची बोटे चालायला लागली की माझ्या पडद्यावर गणपती, कलश, केळीचे खांब आणि दोन्हीकडचे मामा असे सगळे रांगेने उभे राहत. “याच्यामुळे माझा हंगाम निघतो,” असे मालक येईल त्याला सांगत. दसऱ्याला मला झेंडूची माळ असे. एका दसऱ्याला तर कीबोर्डवर इतके कुंकू पडले की ‘क’चे बटण चिकटले आणि त्या हंगामात ‘चि. सौ. कां.’मधला ‘कां’ उमटवायला लताबाईंना अंगठा रेटावा लागला.

मग छापखान्यात माझ्याहून चपळ यंत्र आले. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर कागदांचे गठ्ठे आले, पाठीमागच्या जाळीत पालीने अंडी घातली. कौतुक कधी थांबले ते काही मला नेमके कळले नाही. ते थांबताना आवाज होत नाही. फोटोच्या चौकटी न्यायला जळगावला आलेल्या सुकदेव नानांनी मला तिथे पाहिले, गठ्ठे बाजूला केले, पालीची अंडी कागदावर घेऊन बाहेर ठेवली आणि मला धुळ्याला आणले.

नानांच्या घरात माझा पहिला मान राखला तो त्यांच्या पत्नीने, यशोदाबाईंनी. धूळ बसू नये म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे जोडून मला अंगरखा शिवला, त्याला काठसुद्धा लावला. “बैलले झूल घालतस, तशी याले,” असे म्हणून बेबाबाई हसल्या. यशोदाबाईही हसल्या. त्यांना हसताना गालांवर दोन्हीकडे खळ्या पडत. नाना फोटोग्राफर होते. गावातल्या कितीतरी माणसांना त्यांनी हलू नका म्हणून सांगितले असेल. पण आपल्या बायकोला कॅमेऱ्यासमोर उभे करणे त्यांना जमले नव्हते. “माले काय पाहतस? पोरगीले पाहा,” असे म्हणून त्या चौकटीच्या बाहेर निसटत.

ती पोरगी म्हणजे रेशमा. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. जावई माझ्याच जातभाईंच्या दुरुस्तीचे काम करीत. एक दिवस गोड बातमी आली. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही, ते ठरलेलेच असते. यशोदाबाईंनी गोधडी शिवायला घेतली. बेबाबाईंनी खाट आणून समोरच्या खोलीत टाकली. तिथे वारा चांगला येतो. आणि मग तिकडच्या डॉक्टरांनी रेशमाला विमानप्रवास करू नका म्हणून सांगितले.

फोनवर यशोदाबाई फक्त “बरं” म्हणाल्या. फोन ठेवला. अर्धी शिवलेली गोधडी घडी घालून खाटेच्या उशाला ठेवली आणि नानांना म्हणाल्या, “ती येवाव नही, तं माहेर तठे धाडा.”

तिला येता येत नसेल, तर माहेरच तिकडे पाठवा. साधी गोष्ट. त्यांना वाटले ती साधीच आहे.

नानांनी ती मनावर घेतली. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत इंटरनेटची पाने मांडायचे सॉफ्टवेअर होते. ते त्यांनी माझ्या पोटात घातले. त्यात माऊसने फोटो उचलावा, हवा तिथे ठेवावा, शेजारी मजकूर लिहावा. जसे मांडाल तसे दिसेल, असे त्याच्या वेष्टनावर लिहिले होते. मित्रांनो, असली वाक्ये वेष्टनावरच शोभतात.

नाना कॅमेरा घेऊन घरभर हिंडले. त्यांनी ओट्याचा फोटो काढला, दारातल्या निंबाचा काढला, झोक्याचा, चुलीचा, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापणाऱ्या बेबाबाईंचाही काढला. फोटो धुऊन आले, स्कॅनरवर चढले. आता प्रत्येकाला नाव द्यायचे. सॉफ्टवेअरला मराठी अक्षरातले नाव चालत नव्हते, म्हणून इंग्रजी अक्षरात. नानांनी चष्मा नीट केला.

“याले काय नाव देऊ?”

“ओटा,” यशोदाबाई म्हणाल्या. “ओटाले ओटाच म्हनतस ना?”

तसे ota झाले. मग nimb, zoka, chulha. बेबाबाईंच्या फोटोला fui, कारण रेशमा त्यांना फुई म्हणायची. बापाच्या बहिणीला खानदेशात फुई म्हणतात. नानांच्या फोटोला nana. पहिल्या पानाला ghar. एका पहाटे, तार मोकळी असताना, नानांनी ते सगळे माझ्याकडून परदेशातल्या एका मोठ्या संगणकावर पाठवले. तिथे आम्हाला थोडी जागा मिळाली होती. मग सगळे फोनभोवती बसले.

नानांना एका कानाने कमी ऐकू येते, म्हणून आमच्या फोनचे स्पीकरचे बटण नेहमी दाबलेलेच असते. रेशमा बोलली की खोलीभर ऐकू येते.

“नाना, घर काही दिसत नाही. नुसती नावांची यादी आली.”

“असं कसं? आठे तर दिखस!” नानांनी माझ्या पडद्याकडे बोट दाखवले, जणू ते बोट तिला तिकडून दिसणार होते.

इथे तर दिसतंय! पुढे कित्येक दिवस हे वाक्य त्या घरात देवाच्या नावासारखे ऐकू येत होते. जावयांनी तिकडे चौकशी केली तेव्हा कळले की परदेशातले ते मोठे यंत्र ‘इंडेक्स’ नावाचे पान आधी शोधते. आमच्या पहिल्या पानाचे नाव घर होते.

“घरले घर म्हनाव नही, तं काय म्हनाव?” यशोदाबाईंना ते अजिबात पटले नाही. पण नाव बदलले. पान उघडले. आणि रेशमाचा आवाज पुन्हा पडला.

“चौकोन आलेत, नाना. आत काही नाही. लाल फुली आहे.”

“आठे तर दिखस!”

आता याचे कारण मी सांगतो, कारण तो माझ्या पोटातला मामला होता. नानांनी फोटो जिथून उचलले, तोच पत्ता सॉफ्टवेअरने पानावर लिहून ठेवला होता. म्हणजे माझ्या सी ड्राइव्हचा. त्यामुळे माझ्याकडे सगळे छान दिसायचे. तिकडे रेशमाचा संगणक तोच पत्ता घेऊन स्वतःच्या पोटात आमचा ओटा शोधत बसायचा. तिथे कुठला ओटा? नानांना हे उमगायला बराच वेळ लागला. पुस्तक शेजारी, शब्दकोश मांडीवर, मधेच वीज जायची. वीज गेली की बेबाबाई यशोदाबाईंना म्हणायच्या, “तुना भाऊले फोन कर व. म्हन, झुलाल, बटन चालू कर.” यशोदाबाईंचे भाऊ झुलाल दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते, त्यामुळे खानदेशातली सगळी वीज बेबाबाईंच्या मते त्यांच्या खिशात होती. त्या अंधारात तिघेही हसायचे आणि मी बंद पडून ऐकत राहायचो.

शेवटी नानांनी पानाच्या शेजारीच फोटोंची एक पेटी केली आणि सगळे पत्ते त्या पेटीचे लिहिले. ओटा पोहोचला. निंब पोहोचला. झोका दिसल्यावर रेशमा किंचाळलीच. पण बेबाबाई काही पोहोचल्या नाहीत.

“बठ्ठा उनात, मीच ऱ्हायनू का?” सगळे आले आणि आपणच राहिलो, म्हणून बेबाबाई रुसल्या. भाकरीसुद्धा आदळून थापू लागल्या.

त्यातही फार काही नव्हते. त्या फोटोचे नाव स्कॅनरने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते आणि पानावर ते धाकट्या अक्षरांत होते. मला मोठे-धाकटे सारखेच. त्या दूरच्या यंत्राकडे मात्र मानपान फार कडक. अक्षर बदलले आणि बेबाबाई भाकरीसकट अमेरिकेत अवतरल्या.

मग मराठीची पाळी आली. यशोदाबाईंनी फोटोंच्या वर लिहायला सांगितले होते, ‘ये व बेटा, बठ, पानी पे.’ ये, बस, पाणी पी. दारात आलेल्या लेकीला म्हणतात तसे. नानांनी ते छापखान्यापासून माझ्यात असलेल्या अक्षरवळणात, म्हणजे फॉन्टमध्ये, लिहिले. रेशमाच्या संगणकात ते वळण नव्हते. ती फोनवर वाचू लागली, “उलटं प्रश्नचिन्ह, दोन टिंबांचा यू, मग एक साप...” बेबाबाईंनी कपाळाला हात लावला. “साप काय? आम्ही पानी पे म्हनं तिले!”

नानांनी अखेर ती ओळच चित्र म्हणून पाठवली. अक्षर नसेल तर अक्षराचा फोटो. तेव्हा कुठे ती वाचता आली. आधी रेशमा हसली. “नाना, हे तर लग्नपत्रिकेसारखं दिसतंय!” मग बराच वेळ स्पीकरमधून नुसती खरखर आली.

“काय झालं व?” यशोदाबाईंनी विचारले.

“काही नाही, माय. पानी पिऊन ऱ्हायनी.”

त्याच फोनवर ती पुढे म्हणाली, “माय, तू कुठाय? सगळे आहेत, तू नाहीस.” नानांनी आधी जुना, तिच्या लग्नातला फोटो लावून बघितला. तो तिला नको होता. घर आत्ताचे, निंब आत्ताचा, मग माय जुनी का? नवा काढा, असा तिने हट्ट धरला. नानांनी पानावर मधोमध एक मोठा चौकोन आखला आणि नाव विचारले.

“माय लिखा,” यशोदाबाई लाजून म्हणाल्या. “दुसरं काय?”

नानांनी लिहिले, may, आणि चौकोन रिकामा ठेवूनच पान तिकडे पाठवले. फोटो रविवारी काढायचा ठरला. यशोदाबाईंनी हिरवे लुगडे काढून ठेवले.

त्या रविवारी सकाळी मोरीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. तांब्या पडणे काही मोठी गोष्ट नाही. पण तो गडगडत गेला आणि कोणी उचलला नाही.

यशोदाबाई दवाखान्यातून परत आल्या तेव्हा त्यांना समोरच्या खोलीतल्या खाटेवर ठेवले, वारा येतो म्हणून. म्हणजे माझ्यासमोरच. उजवा हात उचलत नव्हता. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती, त्या गालाला खळी राहिली नव्हती. जीभ जड झाली होती. शब्द तोंडात भिजत पडायचे आणि बाहेर येईतो एकमेकांना चिकटायचे. समजत मात्र त्यांना सगळे होते. डॉक्टरांनी तसे नानांना स्पष्ट सांगितले होते. पण जे बोलू शकत नाही त्याला कळतही नाही, असे माणसांना फार लवकर वाटू लागते. हे मी अनुभवाने सांगतो.

“पोरीला आत्ता काही सांगायचं नाही,” नाना म्हणाले.

“मुयीच नही,” बेबाबाई म्हणाल्या. मुळीच नाही. “दिवस भरत उनात. घाबरी जाई. सुटका होऊ दे, मग सांगू.”

दोघांचे प्रेम खरे होते. भीतीही खरी होती. इतक्या लांब, परक्या मुलखात, अवघडलेली पोर. तिला काही झाले तर? हा निर्णय त्यांनी खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून घेतला. खाटेवरच्या माणसाला कोणी विचारले नाही.

फोन आला.

“माय कुठाय?”

“देवळात गेली,” नाना म्हणाले. बेबाबाईंनी खाटेकडे पाहून ओठांवर बोट ठेवले. यशोदाबाईंनी डोळे मिटले.

पुढच्या वेळी माय गिरणीत गेली. मग शेजारच्या भिकुबाईकडे हळदीला गेली. मग तिचा घसा बसला. एका फोनवर तर बेबाबाई म्हणाल्या की ती झुलालकडे दीपनगरला गेली, आणि नाना त्याच वेळी म्हणाले की ती न्हायला बसली. “दीपनगरला जाऊन न्हातेय का?” रेशमाने विचारले. सगळे हसले. हसताना कोणी खाटेकडे पाहिले नाही. रेशमाचा आवाज नेहमीसारखा खोलीभर भरलेला असायचा, आणि ज्यांना ती शोधत होती त्या तिचा शब्द न् शब्द ऐकत पडलेल्या असायच्या.

मग तिने फोटोची आठवण काढली. मित्रांनो, इथे मला वाईट वाटले. इतके दिवस खपून नाना जे जे दोष दुरुस्त करायला शिकले होते, तेच आता ते सबबी म्हणून वापरू लागले. फोटो दिसत नाही? पत्ता चुकला असेल. अजून दिसत नाही? मोठी-धाकटी अक्षरं असतील. तुझ्याकडे जुनं पान साठलं असेल, ते ताजं कर. बिचारे सॉफ्टवेअर! त्याच्या नावावर आधीच खूप होते, आता न केलेलेही जमा झाले.

एका दुपारी नानांनी कॅमेरा काढला. बेबाबाईंनी यशोदाबाईंना हिरवे लुगडे नेसवले, केस विंचरले, उशीला टेकवून बसवले. नाना खाटेच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्या बाजूने चेहरा पहिल्यासारखाच होता.

“जरा खिडकीकडे बघ,” ते म्हणाले. “हां. अशीच राहा. हलू नको.”

यशोदाबाई हलल्या. त्यांनी मान वळवली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिले. पूर्ण चेहऱ्याने, दोन्ही बाजूंनी.

“तिकडे बघ ना,” नाना हळू आवाजात म्हणाले. त्या पाहत राहिल्या. आयुष्यभर चौकटीतून निसटणारी बाई आता चौकट सोडायला तयार नव्हती. नानांनी बराच वेळ कॅमेरा डोळ्याला लावून ठेवला आणि मग बटण दाबले.

तो फोटो धुऊन आला, स्कॅनरवर चढला, त्याला may हे नाव मिळाले आणि तो त्या मधल्या चौकोनात नीट बसला. माझ्या पडद्यावर. नाना त्याच्याकडे पाहत बसले. मग त्यांनी पान बंद केले. नंबर फिरवला नाही. तो फोटो पाठवलाच नाही. इथे दिसत होता, तिथे दिसत नव्हता, आणि या वेळी त्यात माझा, सॉफ्टवेअरचा, तारेचा, कोणाचाही दोष नव्हता.

म्हणून मुलांनो, म्हाताऱ्या यंत्राचे एक ऐका. आमच्यावर झूल घाला, धूळ पुसा, कुंकू जरा बेताने वाहा. चित्र दिसेनासे झाले तर पत्ता पाहा, नावाची अक्षरे पाहा, पान ताजे करून पाहा. आम्हाला झापड मारू नका, त्याने काही दुरुस्त होत नाही. पण एवढे सगळे करूनही चौकोन रिकामा राहिला, तर यंत्राशी भांडणे थांबवा आणि पलीकडच्या माणसाला विचारा. रेशमाने तेच केले.

सकाळची वेळ होती. बेबाबाई शेंगा फोडत होत्या, मी नाशिकशी जोडलेला होतो, आणि त्यांची ती घरजावयाची कुरकुर नुकतीच संपली होती. नानांनी मला तारेतून सोडवले आणि लगेच फोन वाजला. कितीतरी वेळ ती प्रयत्न करीत असावी.

“नाना, मधला फोटो अजून दिसत नाही.”

“जुनं पान असेल, बेटा. ताजं कर.”

“केलं.”

“मग ती मोठी-धाकटी अक्षरं...”

“सगळी बदलून बघितली. हे पण बसले होते माझ्याबरोबर. पत्ता बरोबर आहे, नाव बरोबर आहे. फोटोच नाही तिथं, नाना. तुम्ही तो पाठवलाच नाही.”

नानांच्या मदतीला बेबाबाई धावल्या. “अवं, तो काही खास फोटो नही. मे महिनाना शे. गच्चीवर कुरडया वायत घालेल व्हत्यात ना, त्या कुरडयास्ना.”

वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो. बेबाबाई बोलायला हुशार, यात शंका नाही. त्यांना वाटले, जमले.

“हे पण तेच म्हणाले,” रेशमा म्हणाली. “एम, ए, वाय. मे महिन्यातला फोटो असेल म्हणाले. त्यांना तसंच वाचता येतं. पण फुई, बाकीची नावं बघ ना. ओटा. निंब. झोका. चुल्हा. फुई. बठ्ठी नावं घरातली, मायच्या तोंडची. आणि एकटा महिनाच इंग्रजीत कसा येईल? मी मे नाही वाचलं. मी माय वाचलं.”

बेबाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“किती दिवस झाले, तिचा आवाज नाही. देऊळ, गिरणी, हळद. आता फोटोही नाही. मी इथे रोज त्या रिकाम्या चौकोनासमोर बसते, नाना. मला वाटेल ते वाटायला लागलंय. झोप लागत नाही. पोटातलं बाळ हललं तरी दचकते.” मग ती शहराचे बोलणे सोडून लहानपणीच्या बोलीत आली, आणि तिने विचारले, “नाना, खरं सांगा. माय शे ना?”

आमच्या बोलीत शे म्हणजे आहे. एवढासा शब्द. तिला घाबरवायचे नाही म्हणून ज्यांनी इतके जपले, त्यांच्या त्या जपण्यानेच पोर इथवर येऊन पोहोचली होती. नाना फोनपाशी उभे होते. त्यांचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. “बेटा,” ते म्हणाले. बेबाबाईंनी पदर तोंडाला लावला.

खाट करकरली.

यशोदाबाईंनी डावा हात गादीवर रोवला होता आणि त्या उठून बसू पाहत होत्या. बेबाबाई धावल्या, सवयीने ओठांवर बोट न्यायला निघाल्या. पण यशोदाबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की ते बोट वाटेतच खाली आले. मग बेबाबाईंनी यशोदाबाईंच्या पाठीमागे आपला खांदा दिला.

“शे,” यशोदाबाई म्हणाल्या.

शब्द जड होता, एका बाजूने कललेला होता. पण खोलीभर ऐकू गेला.

“माय?”

“मी शे व बेटा. कोठेच जायेल नही. आठेच, खाटवर शे.” त्या थांबल्या. जीभ गोळा केली. नानांकडे पाहिले नाही, बेबाबाईंकडे पाहिले नाही, फोनकडे पाहिले; आणि एकेक शब्द सुटा करून, कोणालाही चिकटू न देता, म्हणाल्या,

“माले. लकवा. व्हयेल. शे.”